पालक सदस्यांसाठी सूचना : शाळेतील मुलांचे घटनात्मक हक्क
सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, फी थकली म्हणून मुलाला वर्गाच्या दाराबाहेर उभे करणे, थकबाकीदारांची नावे भर वर्गात वाचून दाखवणे, असे प्रकार नागपुरात आपल्यापैकी काहींच्या मुलांच्या वाट्याला आले असून ते मुकाट्याने सोसण्याचे कारण नाही. राज्यघटनेच्या कलम २१-अ नुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे; ही दुसरी बाब शाळाच नव्हे, आपणही विसरतो. तक्रार मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि दाद न मिळाल्यास शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. मुलाचे म्हणणे मात्र त्याच्याच शब्दांत नोंदवावे.