रद्द ड्यूटी आणि तुझी सीएल

सातारा

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्रातली एक ओळ फार लागली. पेशंट कमी म्हणून हॉस्पिटलनं तुझ्या चार ड्यूट्या रद्द केल्या आणि त्या सीएलमध्ये, म्हणजे किरकोळ रजेत, टाकल्या! अगं, सीएल तुझ्या अर्जावर पडते. वॉर्ड रिकामा आहे म्हणून ऑफिसनं ती परस्पर कापायची नसते.

खासगी हॉस्पिटल राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात येतं. 2025 च्या दुरुस्तीनंतर 20 किंवा जास्त कामगार हवेत, तुमच्याकडे तेवढे सहज असतील. वर्षाला 8 पगारी सीएल, दर तिमाहीला जमा होतात आणि वर्षाअखेर उरल्या तर बुडतात. म्हणजे तुझी निम्मी सीएल गेली.

पण मला जास्त काळजी ईएलची, म्हणजे कामाच्या दिवसांवर मिळणाऱ्या अर्जित रजेची आहे. वर्षात 240 दिवस काम भरलं तरच दर 20 दिवसांना 1 दिवस मिळतो. हिशोब बघ: महिन्याला 26 प्रमाणे 312, त्यातून 8 सणाच्या सुट्ट्या आणि 8 सीएल वजा, उरले 296. म्हणजे 14 ईएल. महिन्याला 5 ड्यूट्या रद्द झाल्या तर 60 गेले, राहिले 236. चार दिवसांसाठी सगळी ईएल हातची जाते. करारानुसार काम नसल्याने बसवलेले दिवस मात्र त्या 240 मध्ये धरले जातात, त्यांच्यावर नवी ईएल मिळत नाही एवढंच. म्हणून मस्टरवर काय लिहिलंय ते महत्त्वाचं. 'गैरहजर' किंवा 'सीएल' नको, 'काम नसल्याने ड्यूटी रद्द' हवं.

पगाराचं तुझ्या नेमणूकपत्रावर आहे. महिन्याचा पगार ठरला असेल तर वेतन संहितेप्रमाणे कपात गैरहजेरीची होते, आणि 'येऊ नको' सांगितल्यावर न येणं ही गैरहजेरी नव्हे. ड्यूटीमागे पैसे ठरले असतील तर बाजू कमकुवत. लेऑफच्या, म्हणजे काम नाही म्हणून घरी बसवल्यावर मिळणाऱ्या, निम्म्या पगारावर विसंबू नकोस, ती तरतूद कारखाने, खाणी आणि मळ्यांसाठी आहे.

रद्द दिवस वीकली ऑफ म्हणूनही दाखवतात आणि खऱ्या ऑफला कामावर बोलावतात, तेही बघ. ऑफ बुडाला तर दोन महिन्यांत बदली सुट्टी मिळायला हवी.

आता पावसाळा आहे. ऑगस्ट 2019 सारखं कृष्णेचं पाणी चढलं तर फरक लक्षात ठेव: हॉस्पिटल चालू आणि तूच पोचू शकली नाहीस, तर सीएल टाकणं योग्य. हॉस्पिटलनंच थांबवलं, तर ती रद्द ड्यूटी.

रोस्टर लागलं की फोटो काढ. फोनवर ड्यूटी रद्द केली तर लगेच इन्चार्ज सिस्टरना मेसेज टाक: "आज दुपारची पाळी आपण रद्द केली, मी यायला तयार होते." पगाराच्या स्लिपशी महिन्याच्या महिन्याला ताळा घाल. त्या चार सीएल परत जमा करा असा अर्ज मेट्रनकडे दे आणि प्रतीवर सही-शिक्का घे. पंधरा दिवस वाट बघ, मग सांगलीच्या कामगार कार्यालयात त्याच प्रती घेऊन जा. शक्यतो चौघीजणी मिळून जा, एकटीवर राग निघतो.

नेमणूकपत्राची झेरॉक्स मला पाठव, त्यातलं पाळी बदलाचं कलम आधी वाचायचंय.

तुझी,
शैला