चित्र अर्धवट नाही, चार पावले मागे सरून पाहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

संध्याकाळच्या महाद्वार रोडच्या एका मोठ्या तैलचित्राबद्दल आपल्या पत्रांच्या सदरात वाचकांनी दोन आक्षेप घेतले आहेत. माणसांना नाक-डोळे नाहीत आणि रंग गिलाव्यासारखा थापला आहे, म्हणून चित्र अर्धवट, असे त्यांचे म्हणणे. आपण कोल्हापूरला कलानगरी म्हणतो. असे चित्र कसे उभे राहते, हे इथल्या वाचकांपर्यंत नीट पोहोचायला हवे, म्हणून हे पत्र.

आधी चेहऱ्यांचे बोलू. अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे आणि किरणोत्सवात मावळतीची किरणे महाद्वारातूनच गाभाऱ्यापर्यंत येतात. तेव्हा महाद्वाराशी उभे राहून पश्चिमेकडे पाहणाऱ्या चित्रकाराच्या डोळ्यांवर ऊन येते आणि समोरून येणारा प्रत्येक जण उजेड पाठीवर घेऊन येतो. चेहरा दिसतच नाही. दिसते ती केसांभोवतीची, खांद्यावरची उजेडाची बारीक कड, गजऱ्याचा पांढरा ठिपका, पदराचा एखादा पेटलेला कोपरा. तिथे नाक-डोळे काढले तर ती न दिसलेली गोष्ट ठरेल.

गर्दीचेही एक गणित असते. सपाट रस्त्यावर उभ्या चित्रकाराला त्याच्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, एकाच आडव्या रेषेवर दिसतात. लांबच्यांचे फक्त पाय वर सरकतात. ही रेषा चुकली की मागची माणसे टेकाडावर चढल्यासारखी वाटतात, मग कपड्यांवर कितीही मेहनत घ्या. रेषा बरोबर असेल तर गर्दीचा एकच गडद पट्टा पुरतो. त्यातून पाच-सहा डोकी, एखादी पिशवी, सायकलचे हँडल बाहेर काढायचे. उरलेली माणसे पाहणाऱ्याचा डोळा भरून घेतो.

अशा चित्राचा खरा निर्णय कॅनव्हासला हात लागण्याआधीच होतो. जागेवर बसून साधारण तीन बाय चार इंचांची आठ-दहा कच्ची रेखाटने करायची, प्रत्येकाला पाच मिनिटे. डोळे किलकिले करून फक्त तीन टोन मांडायचे: उजेड, मधला आणि गडद. तिन्हींनी समान जागा घेतली तर चित्र मिळमिळीत होते. संध्याकाळच्या चित्रात गडद आणि मधला मिळून तीन-चतुर्थांशाच्या आसपास असावेत, म्हणजे उरलेला उजेड झगझगतो. हे रेखाटन नखाएवढे लहान करून पाहिले तरी रस्ता, इमारती आणि आकाश वेगळे कळले पाहिजेत. तसे कळत नसतील तर मोठ्या कॅनव्हासवरही कळणार नाहीत.

इथेच आजकाल बहुतेकांची चूक होते. मोबाइलवर फोटो काढायचा आणि घरी बसून तो रंगवायचा. मोबाइलचे रुंद भिंग जवळच्या वस्तू फुगवते आणि लांबच्या आकसवते, त्यामुळे रस्ता आहे त्यापेक्षा रुंद आणि लांब वाटतो. फोन वर धरला की इमारती मागे कलतात. उजेडाविरुद्धच्या फोटोत आकाश पांढरे फटक आणि सावल्या ठार काळ्या येतात. डोळ्याला मात्र त्याच सावल्यांत निळा, जांभळा, विटकरी दिसत असतो. भावना मांडणाऱ्या अशा चित्राचा जीव सावलीतल्या रंगात असतो आणि फोटो नेमका तोच खातो. आठवणीसाठी फोटो जरूर ठेवा, रंगांच्या नोंदी जागेवर करा.

आता थापलेल्या रंगाकडे येतो. जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, दोन-तीन हात देऊन, मध्ये बारीक पॉलिशपेपर मारून कॅनव्हास तयार केला की त्यावर बर्न्ट सियेना या विटकरी तपकिरी रंगाचा पातळ हात फिरवतात. पांढऱ्या कॅनव्हासवर कोणताही रंग आहे त्याहून गडद वाटतो आणि अंदाज चुकतो. शिवाय ही विटकरी ऊब फटकाऱ्यांच्या फटींतून डोकावत राहते. मग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात मोठे आकार मांडायचे. टर्पेंटाइन फार झाले तर रंगाला धरून ठेवणारे तेलच उरत नाही आणि वाळल्यावर बोटाला भुकटी लागते. वरच्या थरांत तेल वाढत जायला हवे. हा क्रम उलटला, म्हणजे खाली तेलकट आणि वर कोरडा थर आला, तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर सरकतो आणि भेगा पडतात. वाळलेल्या ॲक्रिलिकवर, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगावर, तैलरंग चालतो. तैलरंगावर ॲक्रिलिक कधीच नको, ते सालीसारखे सुटते.

पॅलेट नाइफचे, म्हणजे रंग लावायच्या बोथट पात्याचे, काम सोपे वाटते, पण सर्वांत जास्त चित्रे त्यातच बिघडतात. पात्याच्या कडेवर रंग घ्यायचा, एकदा ठेवायचा, पाते उचलायचे आणि दर वेळी फडक्याने पुसायचे. ओल्या रंगात एकाच जागी तिसऱ्यांदा पाते फिरले की खालचा निळा आणि वरचा नारिंगी एकमेकांना मारतात आणि राखाडी चिखल होतो. पिवळ्या दिव्याचा फटकारा म्हणूनच शेवटी, एका दमात. नाही जमला तर खरवडून काढावा; वरून दुरुस्ती करत बसू नये.

भवानी मंडप, जुना राजवाडा, घाटाच्या पायऱ्या, सगळा आपला काळा दगड. तो ट्यूबमधल्या काळ्याने रंगवला की चित्राला भोक पडल्यासारखे होते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सियेना मिसळून गडद रंग करावा. सावलीत निळा किंचित जास्त, उन्हात तपकिरी जास्त. एवढ्याने दगड जिवंत होतो. उन्हाच्या बाजूला त्यात थोडा गुलाबीसर पांढरा मिसळला तर संध्याकाळ कळते.

पावसातला रस्ता तर तुटक फटकाऱ्यांच्या या शैलीचा आवडता विषय. ओल्या रस्त्यावरचे प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या सरळ खाली, पाहणाऱ्याच्या दिशेने लांबत येते. उजळ वस्तूचे प्रतिबिंब तिच्याहून थोडे गडद आणि गडद वस्तूचे थोडे उजळ असते. दुचाकीच्या लाल दिव्याचा पट्टा उभा ओढून मग कोरड्या रुंद ब्रशने एकदाच आडवा पुसला की पाणी दिसू लागते. दोनदा पुसला की नुसता डाग उरतो.

अशी टीका काही नवी नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या पॅरिसच्या गजबजलेल्या रस्त्याच्या चित्राची 1874 च्या प्रदर्शनात समीक्षक लुई लरॉय यांनी नेमकी याच मुद्द्यावर थट्टा केली होती: ही माणसे की काळे फटकारे? पुढे 1913 ते 1915 या काळात जर्मन चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनर यांनी बर्लिनचे रस्ते रंगवले, तेव्हा माणसे टोकदार झाली आणि चेहऱ्यांवर हिरवा-गुलाबी रंग आला, कारण त्यांना शहरातला ताण दाखवायचा होता. आणि आपल्याकडे कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा रंगवताना प्रकाशालाच पहिला मान दिला. ती परंपरा मानणाऱ्या गावाने तुटक फटकाऱ्याला परका समजू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

मात्र आक्षेप घेणाऱ्यांचे एक म्हणणे आम्हाला मान्य आहे. जाड रंग लावला म्हणजे भावना आली, असे समजून काढलेली चित्रेही बरीच दिसतात. ती ओळखण्याची एक खूण सांगतो. चित्राच्या कडा पाहा. चांगल्या चित्रात धारदार कडा तीन-चार ठिकाणीच असतात, जिथे नजर थांबवायची आहे तिथे. बाकीच्या कडा शेजारच्या रंगात विरतात. सगळीकडे सारखीच धार किंवा सगळीकडे सारखाच धूसरपणा असेल, तर चित्रकाराने काही ठरवलेलेच नाही.

चित्र विकत घेणाऱ्यांसाठीही थोडे. जाड तैलरंगाला वरून साय धरते, आत तो कित्येक महिने ओला राहतो. म्हणून सहा महिने ते वर्षभर वॉर्निश करू नये. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवा दमट झाली की कॅनव्हास सैल पडतो आणि मागून बुरशी धरते. चित्र पावसाची ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नये. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंत आणि कॅनव्हास यांच्यामध्ये हवा खेळते. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून माळ्यावर टाकू नये. ओल आत कोंडते आणि अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते.

शेवटी दोन विनंत्या. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी जाड रंगाच्या चित्रावर दिवा समोरून मारू नये. ओल्यासारखी चमक येते आणि रंग दिसत नाही. वरून, भिंतीपासून साधारण तीस अंशांवर दिवा ठेवावा, आणि तीन फुटी चित्रासमोर निदान आठ-दहा फूट जागा मोकळी सोडावी. आपल्या दैनिकानेही अशा चित्राचा फोटो छापताना चित्राचे माप आणि माध्यम द्यावे, आणि शक्य झाल्यास शेजारी फटकाऱ्यांचा एक जवळून घेतलेला तुकडा छापावा. दोन इंचांच्या छपाईत तीन फुटांचे चित्र पाहून वाचकाने मत बनवले, तर त्याला तरी काय बोल लावायचा?

आपले,
स्थळचित्रण करणारे काही चित्रकार,
मंगळवार पेठ, कोल्हापूर