जर्मनीला जाणाऱ्यांच्या औषध-संचाबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : औषध-संचातील चुकीच्या वस्तू आणि पुस्तिकेतील चुकीची माहिती

स. न. वि. वि.

आपल्याकडून विकत घेतलेला संच व त्यासोबतची पुस्तिका आम्ही नीट तपासली. नव्याने जर्मनीत उतरलेला माणूस आजारी पडला, तर ही पुस्तिका त्याला चुकीच्या दुकानात पाठवते, हे आमचे मुख्य गाऱ्हाणे आहे.

‘तापाच्या गोळ्या डीएम किंवा रॉसमानमध्ये मिळतील’ असे आपण छापले आहे. ही तिथली साबण-शाम्पूची साखळी दुकाने. त्यांच्या फळ्यांवर जखमेच्या पट्ट्या, थर्मामीटर, मिठाच्या पाण्याचा नाकात मारायचा स्प्रे मिळतो. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन मिळत नाही. त्यासाठी आपोटेके, म्हणजे तिथले औषधांचे दुकान, गाठावे लागते. तिच्या पाटीवर मोठा लाल ‘ए’ असतो आणि त्यात पेला व साप. आपल्या मेडिकलसारखेच तिथेही काउंटरवर मागायचे, पण ‘क्रोसिन’ किंवा ‘डोलो’ म्हणून चालणार नाही, घटकाचे नाव सांगायचे. ‘स्वस्तातल्या कंपनीची द्या’ हेही सांगावे, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांचे भाव दुकानागणिक वेगळे असतात. ‘भाव सगळीकडे सारखाच’ हे आपले वाक्य फक्त चिठ्ठीवरच्या औषधांना लागू आहे.

‘शंभर गोळ्यांची डबी घेऊन ठेवा’ हा सल्ला तर पाळताच येत नाही. २००९ पासून तिथे एका पाकिटात १० ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या जास्तीत जास्त २० गोळ्या. आयबुप्रोफेन ४०० चिठ्ठीशिवाय मिळते, ६०० नाही. उलटीवरचे डोमपेरिडोन आपल्याकडे सर्रास मागून घेतात, तिथे त्यालाही चिठ्ठी लागते. आणखी एक गोष्ट पुस्तिकेत ठळक हवी होती. सर्दीसाठी तिथे खूप खपणाऱ्या ‘ग्रिपोस्टाड सी’च्या प्रत्येक कॅप्सूलमध्ये २०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. त्याच दिवशी संचातल्या डोलो ६५०, म्हणजे पॅरासिटामॉलच्याच गोळ्या, घेतल्या, की एकच औषध दोन वाटांनी पोटात जाते. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे आणि ती ओलांडली की यकृताला धोका.

आम्लपित्तासाठी आपण रॅनिटिडीनची स्ट्रिप घातली आहे. एनडीएमए या कर्करोगाची शक्यता असलेल्या अशुद्धीमुळे युरोपीय संघात या औषधाचे परवाने २०२० मध्ये स्थगित झाले. त्याऐवजी तिथे पॅन्टोप्राझोल २० मिलिग्रॅमचे १४ गोळ्यांपर्यंतचे पाकीट चिठ्ठीशिवाय मिळते. आपल्याकडची नेहमीची ४० ची गोळी चिठ्ठीवरच.

थर्मामीटर फक्त फॅरनहाइटचा आहे. रात्री ११६११७ या डॉक्टरांच्या सेवेला फोन लावून ‘शंभर पॉइंट चार ताप आहे’ म्हटले तर पलीकडच्याला काय समजणार? तिथे तो ३८ असतो, आणि १०२.२ म्हणजे ३९. दोन्ही आकडे दिसणारा डिजिटल थर्मामीटर द्या, नाहीतर निदान डबीवर तक्ता चिकटवा.

रविवारचा तर पुस्तिकेत उल्लेखच नाही. रविवारी दुकाने बंद असतात. पाळीवर असलेली एखादी आपोटेके उघडी असते, या सेवेला नोटडीन्स्ट म्हणतात. पत्ता बंद आपोटेकेच्या दारावर लावलेला असतो, किंवा मोबाइलवरून २२८३३ वर मिळतो. रविवारी, सणाच्या सुट्टीला आणि रात्री ८ ते सकाळी ६ या वेळात अडीच युरो जादा पडू शकतात. जिवावरचे दुखणे असेल तर मात्र थेट ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन.

सर्वांत गंभीर म्हणजे जादा पैसे घेऊन विकलेली आपली ‘दर तीन महिन्यांनी घरून औषधे’ ही कुरियर योजना. युरोपीय संघाबाहेरून टपालाने किंवा कुरियरने औषधे मागवायला जर्मनीत खाजगी व्यक्तीला परवानगी नाही. कस्टम्स पार्सल अडवते. प्रवासात स्वतःच्या सामानातून मात्र वैयक्तिक गरजेपुरती, साधारण तीन महिन्यांची औषधे नेता येतात. थायरॉइडची गोळी रोज घेणाऱ्याने या योजनेवर भिस्त ठेवली तर त्याच्या गोळ्या मध्येच संपतील. त्याला सांगायला हवे ते एवढेच : तीन महिन्यांच्या गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये न्या, सोबत इंग्रजी चिठ्ठी ठेवा आणि तिच्यावर ब्रँड नको, ‘लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम’ असे घटक व मात्रा लिहून घ्या. पोचल्यावर पहिल्याच महिन्यात तिथल्या फॅमिली डॉक्टरची वेळ घ्या, म्हणजे पुढची चिठ्ठी वेळेवर हातात पडेल.

आमच्या मागण्या : कुरियर योजनेची विक्री आजपासून थांबवावी व घेतलेले पैसे परत करावेत. रॅनिटिडीन आणि थर्मामीटर बदलून द्यावेत. दुरुस्त केलेली पाने आजवरच्या प्रत्येक ग्राहकाला पाठवावीत, कारण ज्यांचे संच आधीच सामानात भरून गेले त्यांना या चुका कळायला दुसरा मार्ग नाही. जर्मनीतल्या विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि मुले सप्टेंबरपासूनच निघतात. म्हणून हे सारे ऑगस्टअखेर व्हावे व तसे आम्हाला लेखी कळवावे.

आपले ग्राहक,
जर्मनीतील काही मराठी कुटुंबे

सोबत : पावतीची प्रत, संचातील वस्तूंची छायाचित्रे, खुणा केलेली पुस्तिकेची पाने