दुसऱ्यांसाठी जगणारा व्हेपोरिऑन : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय दादा,

सादर नमस्कार.

तुमचे खरे नाव मला ठाऊक नाही आणि ते विचारण्याचा प्रसंगही कधी आला नाही. वयाने आणि खेळाच्या अनुभवाने तुम्ही मोठे आहात एवढे तुमच्या बोलण्यावरून कळले, म्हणून पहिल्याच दिवसापासून मी तुम्हाला दादा म्हणू लागलो. पोकेमॉन या व्हिडिओ गेममधल्या माझ्या व्हेपोरिऑन या जलप्रकारच्या प्राण्याची जुळणी, म्हणजे गुण आणि चालींची मांडणी, तपासण्यासाठी तुम्ही तीन संध्याकाळी खर्च केल्या, माझ्या तीन हरलेल्या लढतींची रेकॉर्डिंग फेरी-फेरीने पाहिली आणि तयार सेट हातात न ठेवता प्रत्येक आकडा माझ्याकडूनच काढून घेतला. त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. आमच्यासारख्या इतर खेळाडूंनाही त्याचा उपयोग व्हावा म्हणून ते उघडपणे लिहीत आहे.

माझी चूक काय होती हे आधी सांगतो, कारण तिच्यामागे हिशेब होता आणि हिशेब असलेली चूक सुटता सुटत नाही. २०१६ साली आलेल्या सन आणि मून या खेळांपासून सुरू झालेल्या सातव्या पिढीच्या नियमांनी, सहा-सहा पोकेमॉनच्या एकेरी लढतींसाठी मी संघ बांधत होतो. व्हेपोरिऑनची मूळ एचपी, म्हणजे प्राणशक्ती, १३० आणि मूळ डिफेन्स, म्हणजे शारीरिक हल्ल्यांपुढचा बचाव, अवघा ६०. एखादा पोकेमॉन किती मार सोसेल हे साधारणपणे एचपी आणि बचाव यांच्या गुणाकारावर ठरते, आणि गुणाकारात लहान संख्येत घातलेली भर मोठ्या संख्येतल्या भरीपेक्षा अधिक फळते, एवढे गणित मला येत होते. म्हणून मी खेळाडूने वाटायच्या एफर्ट गुणांपैकी २५२ डिफेन्सला, २५२ स्पेशल डिफेन्सला (शारीरिक नसलेल्या, म्हणजे स्पेशल हल्ल्यांपुढच्या बचावाला) आणि उरलेले ४ एचपीला दिले, डिफेन्स वाढवून अटॅक घटवणारा बोल्ड नेचर (स्वभाव) ठेवला आणि स्वतःवर खूश झालो. शंभराव्या पातळीवर एचपी ४०२, डिफेन्स २४० आणि स्पेशल डिफेन्स २८९ असा तो भक्कम प्राणी तयार झाला. तो सहसा पडत नसे. पडत असत ते त्याचे सोबती.

तुम्ही ती जुळणी पाहून एकच प्रश्न विचारला होता : ‘याची विश किती एचपीची आहे?’ विश म्हणजे पुढच्या फेरीच्या अखेरीस, तेव्हा मैदानात असलेल्या आपल्या पोकेमॉनची एचपी भरून देणारी चाल. मी म्हणालो की ज्याला मिळेल त्याच्या एचपीच्या निम्मी. तुम्ही हसला नाहीत, याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. २००२च्या रुबी आणि सफायरमध्ये ही चाल आली तेव्हा नियम तसाच होता, परंतु २०१०च्या ब्लॅक आणि व्हाइटपासून विश ही चाल मागणाऱ्याच्या एचपीच्या निम्मी भरपाई देते, हे तुम्ही शांतपणे सांगितले. मी कुठेतरी वाचलेला फार जुना सल्ला उराशी धरून बसलो होतो. त्या एका दुरुस्तीने माझे सगळे गणित उलटेपालटे झाले, कारण एचपी हा आता व्हेपोरिऑनच्या सोसण्याचा आकडा उरला नव्हता. तो सोबत्यांना वाटायच्या शिध्याचा आकडा झाला होता.

मग तुम्ही मला पुन्हा मांडणी करायला लावली. २५२ एचपीला, २५२ डिफेन्सला, ४ स्पेशल डिफेन्सला. एकूण ५१० पैकी ५०८ वापरले जातात आणि उरलेल्या दोनांना काही किंमत नाही. आता एचपी ४६४ झाली, डिफेन्स २४० तेवढाच राहिला आणि स्पेशल डिफेन्स २२७ वर उतरला. मला वाटले होते की स्पेशल बाजूने हा प्राणी कागदासारखा फाटेल. तुम्ही म्हणालात, ‘वाटू देऊ नका, गुणून पाहा.’ ४०२ गुणिले २८९ म्हणजे १,१६,१७८. ४६४ गुणिले २२७ म्हणजे १,०५,३२८. तोटा सुमारे ९ टक्के. त्याच्या बदल्यात शारीरिक हल्ल्यांपुढची सोसण्याची ताकद सुमारे १५ टक्क्यांनी वाढली आणि विश २०१ वरून २३२ वर गेली. शिवाय ४६४ ला १६ ने नेमका भाग जातो, त्यामुळे त्याच्याजवळची लेफ्टोव्हर्स ही वस्तू दर फेरीला सोळावा भाग, म्हणजे २९ एचपी परत करते. स्टेल्थ रॉकवरून, म्हणजे समोरच्याने पसरलेल्या आणि आत येणाऱ्याला लागणाऱ्या दगडांवरून, आत येताना या प्राण्याचे ५८ जातात, म्हणजे दोन फेऱ्यांत ती फेड पूर्ण होते. हे आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत आणि अजूनही कधीकधी उगाच पाहतो.

त्याच ओघात तुम्ही अटॅकचा आयव्ही, म्हणजे जन्मजात गुण, शून्य ठेवायला सांगितलात. जो पोकेमॉन अटॅक वापरतच नाही त्याचा अटॅक कमी करून काय मिळणार, असे मला वाटले; पण फाउल प्ले या चालीचा मार आणि गोंधळलेल्या अवस्थेत स्वतःलाच बसणारा मार आपल्याच अटॅकवरून मोजला जातो. १४९ चा अटॅक १२१ वर आणल्याने तो मार जवळपास एक पंचमांश घटतो आणि बदल्यात काहीच द्यावे लागत नाही. फुकटची गोष्ट पदरात पाडून घ्यायलाही कोणीतरी शिकवावे लागते, हे खरे.

दुसरी संध्याकाळ मात्र मला जड गेली. माझ्या तीन लढतींत व्हेपोरिऑनने अकरा वेळा विश मागितली होती, आणि त्यांपैकी किती विश दुसऱ्या पोकेमॉनपर्यंत पोहोचल्या हे तुम्ही मला मोजायला सांगितले. उत्तर दोन होते. उरलेल्या नऊ वेळा मी विश मागून पुढच्याच फेरीत प्रोटेक्ट (त्या फेरीचा मार अडवणारी चाल) घेतला होता आणि ती भरपाई व्हेपोरिऑनलाच दिली होती. ‘मग हा सपोर्ट कसला? हा तर स्वतःचाच दवाखाना आहे,’ हे तुमचे वाक्य तेव्हा बोचले. आता ते आठवले की हसू येते. प्रोटेक्टची ती फेरी आपल्याला सुरक्षित वाटते, पण समोरच्यालाही ती फुकट मिळते, आणि आपण ती घेणार हे त्याला एक फेरी आधीच कळलेले असते. तो तेवढ्यात अटॅक दुप्पट करणारा स्वोर्ड्स डान्स करतो, स्टेल्थ रॉक पसरतो किंवा व्हेपोरिऑनला जड जाणारा पोकेमॉन निवांत मैदानात आणतो. मी नऊ वेळा समोरच्याला असे आमंत्रण दिले होते. लागोपाठ दुसरा प्रोटेक्ट तीनपैकी एकदाच लागतो हे मला माहीत होते आणि तरीही एका लढतीत मी तो घेतला होता. त्या फेरीवर तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसते थांबलात.

विश कोणाला द्यायची, हा तुमच्या शिकवणीतला सर्वांत समृद्ध भाग होता, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. माझा मुख्य हल्लेखोर व्होल्कारोना होता. त्याची एचपी ३११, म्हणजे २३२ ची विश ही जवळपास तीन चतुर्थांश भरपाई. कागदावर याहून चांगला लाभार्थी मिळणे अवघड. परंतु कीटक आणि अग्नी या दुहेरी प्रकारामुळे स्टेल्थ रॉक त्याला चौपट लागतो आणि मैदानात पाऊल टाकताच त्याचे १५५ एचपी जातात. एकदा येऊन गेलेला व्होल्कारोना १५६ वर असतो. दुसऱ्यांदा आला की १ वर. विश फेरीच्या अखेरीस मिळते, आणि १ एचपीवर उभा असलेला पोकेमॉन ती अखेर क्वचितच पाहतो. माझ्या विश वाया का जात होत्या याचे कारण व्हेपोरिऑनमध्ये नव्हतेच. घेणारा फेरीच्या अखेरपर्यंत उभा राहील का, हा प्रश्न देणाऱ्याची जुळणी करताना विचारायचा असतो, हे मला कोणीही सांगितले नव्हते.

त्यावरचा तुमचा उपाय एक्सकाड्रिल होता, आणि तो सुचवतानाही तुम्ही मला प्रकारांचा तक्ता समोर घ्यायला लावला. भूमी आणि पोलाद असा दुहेरी प्रकार असल्यामुळे स्टेल्थ रॉकने त्याच्या एचपीचा जेमतेम बत्तिसावा भाग जातो, म्हणजे ३६१ पैकी ११. तो रॅपिड स्पिनने आपल्या बाजूचे दगड झाडून टाकतो आणि व्होल्कारोनाची वाट मोकळी करतो. व्हेपोरिऑनवर येणारी विद्युत चाल त्याला लागतच नाही. वनस्पती प्रकारची चाल आली तर व्होल्कारोना ती एक चतुर्थांशावर आणतो. उलट या दोघांनाही जलप्रकार जड जातो, आणि जलप्रकारची चाल अंगावर घेऊन वॉटर अ‍ॅब्सॉर्बच्या जोरावर व्हेपोरिऑन ११६ एचपी कमावतो. एकाचा दुबळेपणा दुसऱ्याची मिळकत ठरावा अशी ही तिघांची वीण तुम्ही माझ्याकडूनच काढून घेतली, आणि ती पूर्ण झाल्यावर ‘बघा, तुम्हालाच सुचले’ असे म्हणालात. ते खरे नव्हते, पण त्या दिवशी ऐकायला बरे वाटले.

टॉन्टविषयी तुम्ही दिलेला सल्ला थोडक्यात नोंदवतो. टॉन्ट ही थेट मार न देणाऱ्या चाली रोखणारी चाल. टॉन्ट बसला की तीन फेऱ्या विश, प्रोटेक्ट आणि हील बेल (संघाचे विष, भाजणे वगैरे उतरवणारी चाल) या तिन्ही चाली बंद होतात आणि हातात स्काल्ड हा पाण्याचा हल्ला तेवढा उरतो. अशा वेळी घाबरून पोकेमॉन बदलण्याआधी एक स्काल्ड मारून पाहावा, कारण तीस टक्के वेळा समोरचा भाजतो आणि भाजलेल्याच्या शारीरिक चालींचा मार निम्मा होतो. टॉन्टच्या आधी मागितलेली विश मात्र टॉन्टने रद्द होत नाही. हे माहीत नसल्यामुळे मी एकदा चक्क जिंकत आलेली लढत सोडून दिली होती.

एका मुद्द्यावर मी तुमचे ऐकलेले नाही, आणि आभारपत्रात हे लपवणे बरे दिसणार नाही. चौथ्या चालीच्या जागी रोअर असावा, असे तुमचे मत होते. समोरचा ताकद वाढवत बसला की त्याला हुसकावून लावायचे, त्याची वाढलेली ताकद वाया घालवायची आणि जबरदस्तीने आत आलेल्याला आपल्या स्टेल्थ रॉकचा मार द्यायचा, हा तुमचा युक्तिवाद बिनचूक आहे. तरी मी हील बेल ठेवली. भाजलेला एक्सकाड्रिल निम्म्या ताकदीचा होतो, आणि माझा सगळा डाव त्याच्यावर उभा असताना मला ती जोखीम परवडत नाही. तुम्ही यावर ‘ठीक आहे, पण ती वाजवायची केव्हा हे तुम्हालाच ठरवावे लागेल’ एवढेच म्हणालात.

ते ठरवण्याची वेळ मागच्या आठवड्यात आली. समोर टॉक्सापेक्स होता आणि त्याच्या टॉक्सिकने व्हेपोरिऑन विषबाधित झाला होता. हे विष फेरीगणिक चढत जाते : आधी सोळावा भाग, मग दोन, मग तीन. मराठीत लिहिताना विश आणि विष यांत एका अक्षराचेच अंतर आहे, आणि त्या फेरीत मला या दोहोंतून निवड करायची होती. व्हेपोरिऑनचे ५० एचपी उरले होते. फेरीअखेर लेफ्टोव्हर्सचे २९ मिळाले असते आणि विषाचे ८७ गेले असते. हील बेल वाजवली असती तर विष उतरले असते आणि तो वाचला असता. पूर्वीचा मी ती डोळे मिटून वाजवली असती. पण मागे एक्सकाड्रिल ९० एचपीवर बसून होता, आणि त्याला मार न खाता मैदानात आणण्याचा दुसरा मार्ग नव्हता. मी विश मागितली. टॉक्सापेक्सने रिकव्हरने स्वतःची भरपाई केली, फेरी संपली आणि विषाने व्हेपोरिऑन पडला.

रिकाम्या जागेवर एक्सकाड्रिल आला, दगडांनी त्याचे ११ घेतले आणि ७९ उरले. भूमीप्रकारच्या चालीच्या भीतीने टॉक्सापेक्स माघारी फिरला. त्या मोकळ्या फेरीत एक्सकाड्रिलने स्वोर्ड्स डान्स केला, त्याचा अटॅक दुप्पट झाला, आणि फेरीच्या अखेरीस आता मैदानात नसलेल्या व्हेपोरिऑनने मागितलेले २३२ एचपी त्याला मिळाले. ३११ एचपीवर उभा असलेला, दुप्पट ताकदीचा एक्सकाड्रिल समोरच्याच्या उरलेल्या तिघांना आवरला नाही. जुन्या जुळणीची विश २०१ चीच असती, तर तो २८० वर राहिला असता; आणि शेवटच्या फटक्यानंतर त्याच्याकडे १९ एचपी शिल्लक होते.

या लढतीचे रेकॉर्डिंग तुमच्यासाठी जपून ठेवले आहे. चौदावी फेरी पाहा, आणि तिथे रोअर असता तर काय झाले असते ते सवडीने सांगा.

आपला ऋणी,
व्हेपोरिऑन खेळवणारा एक विद्यार्थी