लँगॉलेनच्या कालव्यावरून

लँगॉलेन, वेल्स

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

फोटो पाठवलेच आहेत, पण फोटोत कालव्याला दरीवरून नेणाऱ्या जलसेतूची उंची कळते, त्यामागची अक्कल कळत नाही. तू डिझाइनमध्ये काम करतेस, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मावशी-काकांनी एल्समीर गावाहून बोट भाड्याने घेतली. इथे तिला नॅरोबोट म्हणतात. लांबी सत्तर फुटांपर्यंत असते, पण रुंदी जेमतेम सात फूट, आपल्या एस.टी.पेक्षाही कमी. कारण लॉक, म्हणजे बोट वर चढवायचे नि खाली उतरवायचे दारबंद हौदच, तेवढे अरुंद बांधलेत. बोट आत शिरली की दोन्ही बाजूंना हात घालायलाही जागा उरत नाही. वेग माणसाच्या चालण्याइतका. आईला ही चाल फार मानवली. काठावरच्या मेंढ्या, बदकांची पिल्लं, दुसऱ्या बोटीवरून हात करणारी माणसं, सगळं तिला निवांत बघता येतं.

काही जण बारा महिने बोटीवरच राहतात. टपावर सरपण, कोळशाची पोती आणि फुलांच्या कुंड्या. जुन्या धाटणीच्या बोटींच्या दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले असतात. मालवाहतुकीच्या काळात नावाड्यांची अख्खी कुटुंबं मागच्या दहा फुटांच्या खोलीत राहायची. चूल तिथेच, झोपणं तिथेच. बोट काठावरून घोडा ओढायचा, पोरं त्या घोड्यामागे चालायची, शाळेचं नाव नाही. १८७७ साली कायदा झाला, बोटींची नोंदणी आणि पोरांच्या शिक्षणाचा विचार तेव्हा कुठे सुरू झाला. कालव्यावरच्या एका जुन्या पुलाच्या कोपऱ्यावर हात फिरवला, तर बोटभर खोल खाचा लागल्या. घोड्यांच्या ओल्या दोरांनी घासून घासून पाडलेल्या. त्या दोरामागे चालणारी पोरं माझ्या मनातून जात नाहीत.

आता मुख्य गोष्ट. चर्कला पहिला जलसेतू लागतो, १८०१ सालचा, २१ मीटर उंच. तो ओलांडला की इंग्लंड संपतं आणि वेल्स सुरू होतं. मूळचं सगळं काम दगडी, फक्त तळाला लोखंडी पत्रे. त्यापुढे चारशे मीटरचा अंधारा बोगदा, आणि तासा-दोन तासांनी डी नदीवरचा पॉन्टकसिल्टे जलसेतू, १८०५ सालचा. उंची ३८ मीटर, लांबी ३०७ मीटर. त्याआधीची रीत अशी, की जाड दगडी बांधकामात चिकणमाती तुडवून गळती थांबवायची. एवढं ओझं या उंचीवर न्यायचं तर खांब अवाढव्य करावे लागले असते. म्हणून बांधणाऱ्यांनी ओतीव लोखंडाची पन्हळच वर ठेवली. वजन उतरलं, खांब सडपातळ झाले, आणि वरच्या भागात तर ते पोकळ आहेत. पत्र्यांच्या सांध्यांत साखरेच्या पाकात भिजवलेलं फ्लॅनेल आणि शिसं भरलं, असं सांगतात.

श्रेय सगळे टॉमस टेलफर्डला देतात. तो स्कॉटलंडमधल्या मेंढपाळाचा मुलगा, वडील लहानपणीच गेलेले, पाथरवटाचं काम शिकत वर आला. त्याचा मोठेपणा मान्यच. पण मुख्य अभियंता विल्यम जेसप होता, आणि न रुळलेल्या पद्धतीला मान्यता देण्याची जोखीम त्याने घेतली. पाटबंधारे खात्यात राहून अशा सहीचं मोल मला चांगलं ठाऊक आहे.

आणखी एक बारकावा बघ. घोड्याची पायवाट पन्हळीच्या बाजूला जोडलेली नाही, ती पन्हळीतच पाण्याच्या वर उभारलेली आहे. बोट पुढे सरकली की बाजूला सारलेलं पाणी पायवाटेखालून मागे जातं. नाहीतर अरुंद पन्हळीत बोटीला पाणी रेटत जावं लागलं असतं. आणि बोट स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते, त्यामुळे ती आली म्हणून सेतूवरचा भार वाढत नाही. पायवाटेला कठडा आहे, पलीकडे मात्र काहीच नाही. पाण्यावर वीतभर लोखंडी कड, आणि खाली थेट दरी. आईने काकांचा दंड घट्ट धरला होता, पण डोळे मिटले नाहीत.

ट्रेव्हरपासून इथवर कालवा फार चिंचोळा आहे. समोरून बोट येत नाही ना, हे बघायला एकाला पुढे चालत पाठवावं लागतं. मूळचा हा पाणी आणणारा पाट. वर डी नदीवर १८०८ सालचा अर्धगोल बंधारा आहे, १४० मीटर लांब, तिथून पाणी आत घेतात. या पाण्यानेच कालवा वाचवला. १९४४ च्या कायद्याने वाहतूक अधिकृतपणे बंद झाली होती, तरी खालच्या शहरांना पाणी हवं होतं, म्हणून कुणी तो बुजवला नाही. पुढे हौशी लोकांनी बोटी आणल्या, आणि २००९ साली युनेस्कोने पॉन्टकसिल्टेसह त्याच्या एका भागाला जागतिक वारसा म्हटलं. वाहतूक गेली, पण पाणी वाहतं राहिलं, याचा माझ्यासारख्या पाटबंधारेवाल्याला किती आनंद झाला असेल!

उद्या सकाळी घोड्याने ओढायच्या बोटीत बसणार आहोत. तोवर माझं एक काम कर. त्या पोकळ खांबांची आडवी ताकद कशी धरली असेल, तुला काय वाटतं ते लिही. आकडे मी वर दिलेच आहेत. आईचा गुडघा बरा आहे, काळजी करू नकोस.

तुझे,
बाबा