चढ दमवतो, उतार मोडतो

महोदय,

डोंगराळ, जुन्या शहरातल्या मॅरेथॉनसाठी बहुतेक जण चढाचाच सराव करतात. मांड्या जातात त्या उतारावर. तिथे मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतो. त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि तिशीतल्या किलोमीटरांत पाय बोलू लागतात. बॉस्टन मॅरेथॉनच्या मार्गावरची ‘हार्टब्रेक हिल’ ही टेकडी फार उंच नाही. ती छळते कारण आधीचा बराच मार्ग उताराचा आहे आणि ती येते ३२ किलोमीटर झाल्यावर.

म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा सौम्य उतारावर एकेक मिनिटाच्या चार-सहा धावा कराव्यात. शेवटचा कडक सराव शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी. शर्यतीत पावले आखूड आणि जलद, पाय शरीराच्या पुढे लांब टाकू नये. चढावर घड्याळातला वेग विसरून श्वासाच्या अंदाजाने धावावे. अरुंद गल्ल्यांत उंच भिंतींवरून घड्याळाचा जीपीएस सिग्नल परावर्तित होतो, तेव्हा तो आकडा तसाही भरवशाचा नसतो.

दगडी फरसबंदी ओली असेल तर जाड, मऊ फोमचे बूट डुगडुगतात, घोटा मुरगळतो. नाडी शेवटच्या छिद्रातून ओवून टाच घट्ट बांधावी. नाहीतर उतारावर बोटे पुढे आदळून नखे काळी पडतात.

आयोजकांनी मार्गाच्या नकाशासोबत चढ-उतारांचा आलेखही द्यावा. आणि पाण्याची टेबले कृपया उताराच्या पायथ्याशी, वळणावर मांडू नयेत: सांडलेले पाणी, रिकामे पेले आणि वेगात आलेले धावपटू तिथेच एकत्र येतात.