मनू, फोनवर राहून गेलेलं

मनू,

काल तू फोन आपटलास, म्हणून लिहितेय. मानवी हक्कांवर नुसता थीसिस लिहिणार होतीस तोवर ठीक होतं गं, आता ज्यांच्या मुलाखती घेतेस त्याच लोकांच्या केसमध्ये कोर्टात उभी राहणार म्हणतेस. मी नको म्हणत नाही. फोन तेवढा बंद ठेवू नकोस.

तुझा पहिला चॅप्टर वाचला, बाबांनीही वाचला पण ते सांगणार नाहीत. यूएनच्या 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला 48 मतं, 8 तटस्थ, विरोधात एकही नाही, हे मी लहानपणापासून अभिमानाने ऐकलेलं, आणि तू लिहितेस की तेव्हा बहुतेक आफ्रिका दुसऱ्यांच्या ताब्यात होती, म्हणजे त्यांना विचारलंच नव्हतं. हे मला कधी सुचलं नसतं. पण म्हणून हक्क हे पाश्चात्त्यांचं खूळ असं म्हणणाऱ्यांना तू जे झापलंयस ते जास्त आवडलं, कारण असं बहुतेक वेळा खुर्चीवर बसलेलाच म्हणतो, तुरुंगातला नाही. चौथीत बाईंशी वाद घालून वर्गाबाहेर उभी राहिलेलीस, तेव्हाही तोंड असंच चालू.

राजद्रोहाचं कलम इंग्रजांनी 1870 ला आणलं, 1908 ला टिळकांना त्याखाली 6 वर्षांची शिक्षा झाली, आणि इंग्रज गेले तरी कलम कित्येक वर्षं राहिलं. तूच लिहिलंयस ना? मग मला घाबरू नको का सांगतेस? तात्यांचं काय झालं माहितीये तुला. नायजेरियातल्या केन सारो-विवांबद्दलही तुझ्यामुळेच वाचलं, तेलाच्या प्रदूषणाविरुद्ध लढले आणि 1995 ला आणखी 8 जणांसोबत फाशी दिली. रात्री झोप नाही लागली. 1998 ला यूएनने अशा कार्यकर्त्यांच्या संरक्षणाचा जाहीरनामा केलाय म्हणे, पण कागद दाराशी उभा राहून कुणाला अडवत नाही.

आणि ज्यांच्या मुलाखती घेतेस त्यांची खरी नावं वेगळ्या वहीत ठेव, फोनमध्ये नको. तू परत येशील, ते तिथेच राहणार, त्याच पोलिसांसमोर. बरं बरं, हे तुला शिकवायचं म्हणजे... सॉरी. लेक्चर द्यायचं नाही असं ठरवून बसले होते.

वकिलांचा नंबर पाठव, त्यांच्या बायकोचाही. आणि फोन चार्ज ठेव गं.

आई